तिसरे आबा

आबांना बसून वाचता येत नसे. समोर खुर्ची, टेबल, पंखा, पाण्याचा तांब्या, सगळं असायचं. पण हातात उत्तरपत्रिका आली की ते उठायचे आणि हॉलमध्ये चालायला लागायचे. खिडकीपासून फळ्यापर्यंत, फळ्यापासून दारापर्यंत, मधल्या आमच्या बारा टेबलांतून वाट काढत. चपला फरशीवर घासत राहायच्या. निबंध संपत आला की चाल मंदावायची, कुणाच्या तरी टेबलाशी ते थांबायचे आणि तिथेच कागद टेकवून पेन्सिलीने आकडा लिहायचे. आपल्या टेबलाशी थांबले की आपण मान उंच करून नंबर बघायचो, कारण हातातला कागद आपणच तपासलेला असण्याची शक्यता असे. तिसऱ्या दिवशी मी न राहवून विचारलं, आबा, तुम्ही बसत का नाही? ते म्हणाले, "बसलो की निकाल आधी लागतो, ताई. वाचन मागून येतं."

धुळ्याच्या त्या कॉलेजात दर ऑगस्टमध्ये लेखनाची चाचणी होई. पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाने तासाभरात एक निबंध लिहायचा. यात पास-नापास काही नाही, असं सूचनेत ठळक छापलेलं असे. लेखन बरं असेल तर नेहमीचा वर्ग, कच्चं असेल तर वर्षभर सकाळी सातचा 'पायाभरणी' वर्ग, एवढंच ठरायचं. प्रत्येक निबंध दोघे जण वाचत आणि एक ते सहा यांतला एक आकडा देत. पहिल्याने आपला आकडा मागच्या पानाच्या कोपऱ्यात लिहून तो कोपरा दुमडायचा आणि पिन मारायची, म्हणजे दुसऱ्याला दिसायला नको. दोघांची बेरीज सात किंवा जास्त झाली की मूल नेहमीच्या वर्गात. दोघांत एकापेक्षा जास्त फरक पडला तर तिसरं वाचन, आणि ते आबांचं. त्यांचा आकडा शेवटचा. म्हणून शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना 'तिसरे आबा' म्हणत. नवीन आलेला माणूस हमखास विचारी, मग पहिले दोन आबा कोण?

ते धुळ्यातल्याच एका शाळेतून मराठीचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते आणि मुख्य वाचक म्हणून या कामाला येत. मी जळगावला मेहरूणमध्ये राहणारी, संस्थेच्या तिथल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारी. तासिका तत्त्व म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. दर वर्षी नव्याने अर्ज, नव्याने मुलाखत आणि दर उन्हाळ्यात तीच धाकधूक. पहाटेची बस पकडून एरंडोल, पारोळा करत मी धुळ्याला पोचायची ती आधीच थकून, आणि माझ्याहून वीस-पंचवीस वर्षांनी मोठे आबा त्या वेळी हॉलमध्ये येरझाऱ्या घालत असायचे.

सकाळचा पहिला तास जुळवणीचा. मागच्या वर्षीचे तीन निबंध ते आम्हा सगळ्यांना वाचायला देत आणि मग म्हणत, "बोटं वर." बाराही जणांनी एकाच वेळी हात वर करून बोटांनी आकडा दाखवायचा. पाचाच्या वर जायचं तर दुसरा हात लागे. एकमेकांचं बघून आकडा बदलायला सवडच नाही. एकदा चहा घेऊन आलेला शिपाई दारातच थबकला. बारा शिकलेली माणसं अशी बोटं वर करून का बसलीत, हे त्याला कळेना. मी मात्र पहिल्या वर्षी शेजारच्या मॅडमच्या बोटांकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचीच. आबा सगळ्यांत वेगळी बोटं कुणाची ते हेरायचे आणि आधी त्याला बोलायला लावायचे. तो बिचारा चुकलो म्हणून सारवासारव करायला लागला की म्हणायचे, चूक कोण म्हणतंय, काय दिसलं तेवढं सांगा.

लाल पेनाला हॉलमध्ये बंदी होती. लाल पेन हातात आलं की हात चुका शोधत सुटतो, असं त्यांचं म्हणणं. आणि जेवणानंतर अर्धा तास कुणी गठ्ठ्याला हात लावायचा नाही. कँटीनची शेवभाजी तिखटजाळ असे, वर भाकरी. आबा म्हणायचे, जेवण जड झालं की आकडा हलका होतो. त्या अर्ध्या तासात ते आम्हाला अंगणात चालायला लावत. वयाने मोठे प्राध्यापक कुरकुरत, आम्ही काय शाळेतली पोरं आहोत का, पण चालत.

त्यांची सगळ्यात वाईट खोड वेगळीच. सकाळी आपण आकडा दिलेला एखादा निबंध ते दुपारी साध्या कागदावर उतरवून, नवा नंबर टाकून, आपल्याच गठ्ठ्यात गुपचूप सारायचे. स्वतःच्या हाताने उतरवायचे, आणि तेही उभ्याउभ्याच. मी एकदा सकाळी चार दिलेल्या निबंधाला दुपारी दोन दिला. आबा दोन्ही कागद घेऊन माझ्या टेबलाशी थांबले. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर शोभा होणार. ते फक्त हळू आवाजात म्हणाले, "निबंध तोच आहे, ताई. सकाळी कोण वाचत होतं आणि आता कोण वाचतंय?" मी त्या दिवशी परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून सगळ्या दिवसाचे आकडे आठवत राहिले. किती जणांना दुपारची मी भेटले होते, देव जाणे.

क्लासवाल्यांनी पाठ करून घेतलेले निबंधही ढिगाने येत. तीच सुरुवात, तोच समारोप, मधे तीच दोन सुभाषितं. आम्ही वैतागून सरसकट दोन द्यायला निघालो की आबा अडवत. एवढ्या पाठांतरातून कुठेतरी मूल डोकावतंच, ते शोधा, म्हणत. आणि खरंच, चौथ्या परिच्छेदात एखादं वाक्य असायचं, आमच्या घरी पंखा एकच आहे म्हणून आजी आणि मी आळीपाळीने झोपतो, असं काहीतरी. आबा तिथे पेन्सिलीने बारीक टिंब काढत.

पण मला सांगायचंय ते दुसरंच. इतका वेळ इकडचं तिकडचं लिहिते आहे, कारण ते लिहायचं टाळते आहे.

आमच्या कामावर कार्यालय एक तक्ता ठेवत असे. कोणाच्या आकड्यात किती वेळा फरक पडला, याचा. रोज संध्याकाळी तो नोटीस बोर्डावर लागे आणि शेवटी प्राचार्यांकडे जाई. ज्याचे फरक जास्त, तो वाचक कच्चा. आदल्या वर्षी ज्या सरांचं नाव वर होतं त्यांना पुन्हा बोलावलं नाही, आणि त्यांचे कॉलेजातले तासही गेले. आबांना तो तक्ता मुळीच मान्य नव्हता. रोज सकाळी बोटं वर करायच्या आधी ते सांगत, "फरक पडला तर पडू द्या. दोन माणसं जागी आहेत एवढाच त्याचा अर्थ. फरक टाळायला आकडा बदलू नका." रोज. एक दिवस चुकला नाही.

माझं तिसरं वर्ष होतं आणि तक्त्यात माझं नाव दुसरं होतं. पश्चिमेच्या खिडकीशी माझी जागा. चारनंतर ऊन थेट टेबलावर यायचं, आणि संस्थेचा कागद इतका पातळ की कागद उचलला की दुमडलेल्या कोपऱ्यातला आकडा उलटा का होईना, दिसायचा. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. मी कुणाला बोलले नाही. खुर्ची थोडी सरकवली असती तरी भागलं असतं, तेही केलं नाही.

विषय होता, 'शाळेबाहेर शिकलेली एक गोष्ट'. एका मुलीने मिरचीच्या गोदामातल्या कामाबद्दल लिहिलं होतं. सुट्टीत ती आईबरोबर मिरचीची देठं खुडायला जात असे. सुरुवात नाही, समारोप नाही, सलग दीड पान, आणि दीड पानभर फक्त कसं करायचं ते. हाताला आधी तेल लावायचं. ओढणी नाकावर बांधायची, पण घट्ट नाही, नाहीतर घाम आत राहतो आणि तो जास्त झोंबतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दिवसभर डोळ्याला हात लावायचा नाही. खाज आली तरी नाही. रडू आलं तर मान खाली घालायची आणि पाणी आपोआप गळू द्यायचं, पुसायचं नाही. 'मी हे आठ दिवसांत शिकले. माझ्या लहान बहिणीला अजून येत नाही.' इथे निबंध संपला होता.

मी तो दोनदा वाचला. माझा आकडा पाच होता, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. मग मी कागद उचलला, आणि उन्हात कोपऱ्यातला दोन दिसला. दोन आणि पाच. म्हणजे तिसरं वाचन, म्हणजे तक्त्यात आणखी एक रेघ, म्हणजे माझं नाव सगळ्यांच्या वर. आबांच्या चपला तिकडे फळ्याशी वाजत होत्या. मी तीन लिहिला. दोन आणि तीन, फरक एकाचा. बेरीज पाच. कागद गठ्ठ्यात गेला.

यादी लागली. नऊ दिवस मी जळगावात तास घेत होते आणि मनात ते दीड पान घोळत होतं. मेहरूणच्या तलावावर संध्याकाळी फिरायला जायचं तर तिथेही चित्त लागेना. जेवताना ठसका लागला तरी मला ती मुलगी आठवायची. नवऱ्याने विचारलं, काय झालंय तुला? काही नाही म्हटलं. दहाव्या दिवशी मी रजा टाकून धुळ्याला देवपुरात आबांच्या घरी गेले आणि दारातच सगळं सांगून टाकलं. काकू, म्हणजे त्यांची बायको, भाजी आणायला गेल्या होत्या. आबांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. नंबर आठवतो का, एवढंच विचारलं. मला आठवत होता. ते उठले आणि चपला घातल्या.

कार्यालयात नंबरावरून कागद निघाला, आबांनी तो येरझाऱ्या घालत वाचला, मग नाव निघालं. जागृती. सोनगीरच्या पुढे दोंडाईचा रस्त्याला तिचं गाव. पायाभरणीच्या हजेरीत पहिले तीन दिवस उशिरा आल्याच्या सह्या होत्या, पुढे रेघ. कारकून म्हणाला, त्या गावाची पहिली बस साडेसातला सुटते, सातच्या वर्गाला ती पोचणार कशी. आबांनी बाराची बस धरली. मी मागोमाग.

घर सापडायला वेळ लागला नाही. जागृतीची आई ओट्यावर होती, तिने आम्हाला खाट दिली. मी बसले. आबा उभेच राहिले. त्या बाईच्या बोलण्यातून कळलं की गल्लीत सगळीकडे बोभाटा झाला होता, पोरगी कॉलेजात गेली आणि पहिल्याच आठवड्यात नापास झाली. पोरीला नापास का केलं, हे तिने अहिराणीत सरळ विचारलं, "मंग तिले नापास कसाले करं, भाऊ?" आबा इतके दिवस आमच्याशी शुद्ध पुस्तकी मराठी बोलत, पण तिला तिच्याच अहिराणीत म्हणाले, "पोरनी चूक नही शे, अक्का. चूक आमनी शे."

आमनी. आमची. त्या शब्दात मलाही जागा होती, आणि मी मुकाट्याने त्यात जाऊन बसले. चहा आला, मी कपात बघत राहिले. जागृती गोदामातून आली, तिच्या हाताला तेल होतं. आबांनी तिला सांगितलं की पुन्हा वाचून घेऊ, नेहमीच्या वर्गात बसशील, अकराचं कॉलेज, बस मिळेल. तिने बाकी काही विचारलं नाही. एकच विचारलं, "माझा निबंध नक्की कोणी वाचला, सर?" आबा म्हणाले, "तिघांनी वाचला, बेटा. सगळ्यात उशिरा मी." तेव्हा मला बोलायचं होतं. खरंच बोलायचं होतं. मी कप खाली ठेवला, आणि तोवर ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी आबा प्राचार्यांच्या खोलीत गेले. मी बाहेरच्या बाकावर. तासभर आतून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. यादी लागल्यावर आकडा बदलायचा नाही, हा नियम आबांनीच घातलेला. एकीचा बदलला तर उद्या शंभर जण येतील, असं प्राचार्य म्हणत असणार, आणि तेही खोटं नव्हतं. आबा बाहेर आले, म्हणाले, सोमवारपासून ती नेहमीच्या वर्गात. मी विचारलं नाही, काय सांगितलंत. विचारायला हवं होतं. माझं नाव आलं का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की आलेलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच वाटलं.

पुढच्या ऑगस्टला आबा आले नाहीत. कार्यालयात कळलं, गुडघे दुखतात म्हणून थांबले. रोज दहा-दहा मैल हॉलमध्ये चालणाऱ्या माणसाचे गुडघे; मला पटायला नको होतं. पण ते सोयीचं होतं, म्हणून पटलं. सुरुवातीला मी वर्षातून एक-दोनदा देवपुरात जात असे. ते बोलायचे तेही येरझाऱ्या घालत, नवे निबंध कसे आहेत, बोटं वर करता की नाही, विचारायचे. त्या विषयावर कधी आले नाहीत. मग माझी नोकरी कायम झाली, कामं वाढली, आणि जाणं कमी होत होत थांबलं. जागृती तीन वर्षं पुरी करून बाहेर पडली. वाचनाच्या दिवसांत कधी दिसली तर नमस्कार मॅडम म्हणे, आणि मी घाईत असल्याचं दाखवी.

मागच्या हिवाळ्यात आबा गेले. मला चार दिवसांनी कळलं. आणि या जूनमध्ये नव्या प्राचार्यांनी मला मुख्य वाचक नेमलं. जुन्या फायली चाळून घ्या म्हणाले. त्यातल्या एका फायलीत आबांचं अक्षर दिसलं. पत्र चारच ओळींचं होतं. सदर उत्तरपत्रिकेस दुसऱ्या वाचकाने पाच देण्याचे ठरवले होते; फरक टाळण्यासाठी तीन द्यावेत, असे मुख्य वाचक या नात्याने मीच सांगितले; दुसऱ्या वाचकाचा दोष नाही; विद्यार्थिनीस न्याय मिळावा. खाली सही. आणि बाजूला तेव्हाच्या प्राचार्यांचा शेरा होता: विद्यार्थिनीचा वर्ग बदलावा. यांना यापुढे बोलावू नये.

मी ते उभ्यानेच वाचलं, कारण बसवेना. ज्या माणसाने रोज सकाळी आम्हाला सांगितलं की फरक टाळू नका, त्याने सहीनिशी लिहून दिलं होतं की फरक टाळायला मीच सांगितलं. माझ्या नोकरीसाठी. आणि त्यांची खुर्ची आता माझी होती.

मी त्याच दिवशी एक अर्ज लिहिला. आबांनी मला असं कधीही सांगितलं नव्हतं, तीन हा आकडा मी माझ्या मनाने, पहिल्या वाचकाचा आकडा बघून दिला, असं लिहून सही केली आणि तो त्या पत्राला जोडला. प्राचार्य म्हणाले, मॅडम, माणूस गेला, आता हे कोण वाचणार? मी म्हटलं, आवक नोंद करून घ्या. त्यांनी केली. काय करायचं ते नंतर बघू, म्हणाले. बघू देत.

मग देवपुरात गेले. काकूंनी दार उघडलं, ओळखलं, पाणी दिलं. आबांची आठवण निघाली. काकू म्हणाल्या, ते तुमच्या कॉलेजातलं काम सुटलं ते त्यांना फार लागलं होतं. मी विचारलं, का सुटलं ते सांगितलं होतं का तुम्हाला? हो, त्या म्हणाल्या, एका पोरीचं माझ्या हातून चुकलं, असं सांगितलं होतं. एवढंच. पुढे कधी बोलले नाहीत.

मी त्यांना सांगितलं. खिडकी, ऊन, दोन, पाच, तीन, सगळं. काही वगळलं नाही. काकू ऐकत होत्या, पदराचं टोक हातात धरून. माझं संपल्यावर त्यांनी माझा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला. मला वाटलं, आता मला चालती हो म्हणतील, आणि म्हणाव्यात असं वाटत होतं.

"मी त्यांना त्यावरून फार बोलले होते गं," त्या म्हणाल्या. "जन्मभर मुलांना शिकवलंत आणि शेवटी एका गरीब पोरीचं वाटोळं करायला निघालात, असं मीच म्हणाले. दोन वर्षं मी तेच ऐकवत होते. ते ऐकून घ्यायचे."